पडद्यावरचा पाऊस

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो: पाऊस. गावोगाव फिरून झिजलेली प्रिंट मशीनवर चढली की चित्रावरून उभ्या पांढऱ्या रेघा सरसर धावायला लागायच्या. नायक भर उन्हात नांगर धरून उभा असो की नायिका देवघरात दिवा लावत असो, पडद्यावर पाऊस चालूच. तो फारच वाढला की मागून शिट्ट्या यायच्या आणि ऑपरेटरचा उद्धार व्हायचा.

१२ फेब्रुवारी २०१० च्या रात्री बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटपाशी, कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर एक प्रचंड पडदा लावला होता. जवळच्या फ्रीडरिशस्टाटपालास्ट थिएटरात बर्लिन चित्रपट महोत्सवाचा खेळ चालू होता. तिथे बर्लिन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा पडद्यासमोर बसून वाजवत होता आणि तोच खेळ त्याच वेळी बाहेरच्या या पडद्यावर येत होता. सिनेमा होता फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’, ८३ वर्षांपूर्वीचा मूकपट. चित्र बहुतेक वेळ लखलखीत होतं. मग मधूनच ते आक्रसायचं, डावीकडे आणि वर काळी पट्टी उमटायची आणि पडद्यावर धो धो पाऊस सुरू व्हायचा. काही सेकंदांनी, काही मिनिटांनी तो थांबायचा आणि चित्र पुन्हा स्वच्छ. माणसं थंडीत उभी होती ती या पावसासाठीच. पावसाची ती सुमारे २५ मिनिटं ८० वर्षांत बहुतेक जगाने पाहिलेली नव्हती.

मला हा सगळा प्रकार विज्ञानकथापटांच्या इतिहासातला सर्वांत हृद्य प्रसंग वाटतो. जुना सिनेमा ‘नव्यासारखा’ करून मोठ्या पडद्यावर दाखवतात तेव्हा नेमकं काय केलेलं असतं, आणि काय करायचं नसतं, हे ‘मेट्रोपोलिस’इतकं स्पष्टपणे दुसरा कुठलाच सिनेमा सांगत नाही.

कथा थोडक्यात अशी. भविष्यातलं एक महानगर. वर गगनचुंबी इमारती, हवेत लटकणारे पूल, श्रीमंतांच्या मुलांसाठी बागा आणि क्रीडांगणं; खाली जमिनीच्या पोटात यंत्रं आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा सर्वेसर्वा योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर कामगारांना धीर देणाऱ्या मारियाच्या प्रेमात पडतो आणि तिच्यामागे खाली उतरतो. बाप रोटवांग नावाच्या संशोधकाकडून एक यंत्रस्त्री मारियाच्या चेहऱ्याने उभी करवतो आणि तिला कामगारांत सोडतो. पुढे बंड, यंत्रांचा विध्वंस, वस्तीत घुसणारं पाणी. पडद्यावरच्या यंत्रमानवांची वंशावळ काढायला बसलं तर बहुतेक फांद्या या यंत्रस्त्रीपाशी येऊन मिळतात.

१० जानेवारी १९२७ ला बर्लिनच्या उफा-पालास्ट अम त्सो या भल्यामोठ्या चित्रगृहात पहिला खेळ झाला. तेव्हा फिल्मची लांबी ४१८९ मीटर होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी बसतात. म्हणजे जवळजवळ २ लाख २० हजार चौकटी, आणि सेकंदाला २४ या गतीने चालवल्या तर सुमारे १५३ मिनिटं. जुन्या सिनेमाचं माप मिनिटांत न सांगता मीटरमध्ये सांगतात, कारण मूकपटांच्या काळी मशीनची गती ठरलेली नसे. कुठे सावकाश चालवत, कुठे भरभर. मीटर मात्र सगळीकडे सारखे. या ४१८९ आकड्याच्या जोरावरच पुढच्या पिढ्यांना कळलं की आपण पाहतो आहोत तो सिनेमा पुरा नाही.

सिनेमा बनवायला मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असा काळ लागला आणि उफा ही कंपनी खर्चाने जेरीस आली. तिने १९२५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपन्यांकडून ४० लाख डॉलरचं कर्ज घेतलं होतं. त्या करारात एकमेकांचे सिनेमे दाखवण्याची अट होती. पॅरामाउंटला ‘मेट्रोपोलिस’ फार लांब आणि गुंतागुंतीचा वाटला. त्यांनी चॅनिंग पोलॉक या नाटककाराला बसवून तो कापून घेतला, संवादांच्या पाट्या नव्याने लिहून घेतल्या. जर्मनीतही सिनेमा उचलला गेला आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये ३२४१ मीटरचा होऊन परतला. जवळजवळ चौथा भाग गेला. कापलेले तुकडे जपावेत असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. एच. जी. वेल्सनी त्याच वर्षी या सिनेमाला मूर्खपणाचा कळस ठरवलं. वेल्सना काही गोष्टी पटल्या नसत्याच, पण इंग्रजी जगात तेव्हा जी प्रत फिरत होती तीच मुळात हातपाय तोडलेली होती.

कापलं काय, हे पाहिलं की जीव हळहळतो. दृश्यांची भव्यता जवळजवळ तशीच ठेवली आणि माणसं काढून टाकली. फ्रेडरसनने मुलाच्या पाळतीवर एक उंच, काळ्या कपड्यातला माणूस ठेवलेला असतो. फ्रिट्झ रास्प या नटाने तो असा वठवला आहे की नुसता दारात उभा राहिला तरी अंगावर काटा यावा. कापलेल्या प्रतींत तो एकदोनदा दिसून नाहीसा व्हायचा आणि प्रेक्षक विचारायचे, हा कोण? ११८११ या क्रमांकाचा कामगार फ्रेडरशी कपडे बदलतो, त्याच्या खिशातले पैसे घेऊन शहराच्या रंगेल भागात भरकटतो, ते सगळं गेलं. नोकरीवरून काढल्यामुळे जीव द्यायला निघालेल्या योसाफाटला फ्रेडर वाचवतो, त्या दोघांच्या मैत्रीची वीण उसवली.

आणि हेल गेली. ही कापाकापी सर्वांत क्रूर. हेल ही या सिनेमात हयात नसलेली बाई. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं. ती त्याला सोडून फ्रेडरसनची झाली आणि फ्रेडरच्या जन्मावेळी वारली. रोटवांगने आपल्या घरात तिच्या चेहऱ्याचा प्रचंड पुतळा पडद्याआड जपलेला आहे. यंत्रस्त्री त्याने घडवली ती हेलला परत आणण्यासाठी. त्या खटाटोपात स्वतःचा एक हात गमावला. पोलॉकच्या बाजूने कारण दिलं गेलं की हे नाव इंग्रजीत नरकाच्या शब्दासारखं वाचलं जाईल. नाव गेलं, पुतळा गेला आणि रोटवांग नुसता माथेफिरू शास्त्रज्ञ उरला. पुढच्या असंख्य सिनेमांत जो विस्कटलेल्या केसांचा, कारणाशिवाय दुष्ट असलेला शास्त्रज्ञ भेटतो, तो या कापलेल्या रोटवांगसारखाच आहे. मुळात तो दुःखाने वेडा झालेला माणूस होता.

इथे थोडं वळण घेतो, कारण ते आपल्याकडे येतं. पटकथा लिहिली होती लांगची बायको टेया फॉन हार्बू हिने. तिचा आधीचा नवरा होता रुडॉल्फ क्लाइन-रोगे, म्हणजे रोटवांगचं काम करणारा नट. आधीच्या नवऱ्याला सोडून ती लांगकडे आली होती. हेल, रोटवांग आणि फ्रेडरसन यांचा त्रिकोण तिने लिहिला, आधीच्या नवऱ्याने त्यात सोडलेल्या प्रियकराचं काम केलं आणि आत्ताच्या नवऱ्याने ते चित्रित केलं. पुढे लांग आणि हार्बू यांचा १९३३ मध्ये घटस्फोट झाला. तोवर हार्बूच्या आयुष्यात आयी तेंडुलकर आले होते. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, जर्मनीत शिकायला गेलेले आणि तिथेच पत्रकारिता करणारे तेंडुलकर तिच्याहून वयाने बरेच लहान. नाझी राजवटीत असं लग्न उघडपणे करणं अवघड, म्हणून ते गुपचूप झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले, बेळगावात वर्तमानपत्र चालवलं, इंग्रजांच्या तुरुंगात गेले आणि पुढे इंदुमती गुणाजींशी त्यांचा विवाह झाला. त्यांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सगळी कहाणी पुस्तकरूपाने मांडली आहे. हार्बू मात्र जर्मनीतच राहिली. ती नाझी पक्षाची सभासद झाली हेही खरं आणि बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना तिने आधार दिला हेही खरं. ‘मेट्रोपोलिस’चा विचार करताना मला ही बाई सतत मध्ये येताना दिसते: तिने लिहिलेली सर्वांत खासगी गोष्ट, हेलची, तीच नेमकी ८० वर्षं अंधारात राहिली.

तुटलेला सिनेमा जोडायचे प्रयत्न बरेच झाले. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जो मोरोडरने रंगछटा देऊन, रॉक गाणी घालून तो पुन्हा चित्रगृहांत आणला. अभ्यासकांनी नाकं मुरडली, पण एका नव्या पिढीला त्यानेच हा सिनेमा माहीत करून दिला, हे मी मोरोडरच्या पारड्यात टाकतो. खरं संशोधन म्यूनिकच्या फिल्म म्युझियममध्ये एनो पाटालास करत होते. त्यांच्या हाती दोन अनमोल कागद होते. एक, जर्मन सेन्सॉरचं पत्रक: त्यावर सिनेमातली प्रत्येक पाटी क्रमाने उतरवलेली असे. दुसरा, गॉटफ्रीड हुपर्ट्झने या सिनेमासाठी रचलेल्या संगीताची पियानो-प्रत. वाजवणाऱ्याने चित्राशी मेळ राखावा म्हणून तिच्यात पडद्यावर त्या क्षणी काय दिसतं याच्या एक हजाराहून जास्त खुणा लिहिलेल्या होत्या. म्हणजे चित्र हरवलं होतं, पण त्याची सावली स्वरलिपीत उरली होती. कुठलं दृश्य कशानंतर येतं, किती वेळ चालतं, कुठे दार उघडतं, कुठे कोणी वळून पाहतं, हे संगीताच्या मापांवरून मोजता येत होतं.

२००१ मध्ये फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ प्रतिष्ठानाने मार्टिन कोएर्बर यांच्या देखरेखीखाली डिजिटल तंत्राने नवी प्रत उभी केली. जगभरच्या संग्रहांतल्या प्रती गोळा करून प्रत्येक दृश्याचा सर्वांत चांगला तुकडा निवडला. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्या काळी एका निगेटिव्हवरून फार प्रती काढता येत नसत, म्हणून ‘मेट्रोपोलिस’ची तीन निगेटिव्ह बनवलेली होती: जर्मनीसाठी एक, अमेरिकेसाठी एक, बाकी जगासाठी एक. शेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं किंवा दुसऱ्या खेपेला चित्रित केलेलं दृश्य यांत वापरलेलं, त्यामुळे तिन्हींत हात, नजर, कोन किंचित वेगळे. अभिनेत्याने मान वळवली आणि पुढच्या चौकटीत ती पुन्हा सरळ, असं होऊ द्यायचं नाही आणि तरी चांगलं ते निवडायचं. त्याच वर्षी युनेस्कोने ‘मेट्रोपोलिस’ची नोंद जगाच्या स्मृतिवारशात केली, हा मान मिळालेला तो पहिला चित्रपट. हरवलेल्या जागी पाट्यांवर मजकूर लिहून, काही स्थिरचित्रं लावून काम भागवलं होतं. आता याहून जास्त काही मिळणार नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलं.

आणि मग ब्युनोस आयरेस. १९२७-२८ च्या सुमारास अडॉल्फो विल्सन या अर्जेंटिनी वितरकाने कापण्याआधीच्या लांबीची एक प्रत आपल्या देशात नेली होती. ती पुढे मानुएल पेन्या रॉड्रिगेस या समीक्षकाच्या संग्रहात आली, तिथून सरकारी कलानिधीकडे, आणि शेवटी शहराच्या सिनेमा संग्रहालयात. तिच्यात काय आहे याची कोणाला कल्पना नव्हती. फिल्म क्लब चालवणाऱ्या साल्वादोर साम्मारितानोने फर्नांडो पेन्या या इतिहासकाराला एकदा सहज सांगितलं होतं की ‘मेट्रोपोलिस’च्या खेळाला आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ मशीनच्या गेटवर बोट दाबून उभं राहावं लागलं.

या वाक्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. बोट का दाबायचं? फिल्म जुनी झाली की आटते. कडेची भोकं एकमेकांजवळ सरकतात आणि मशीनच्या दातांशी त्यांचा मेळ राहत नाही. चित्र वरखाली उड्या मारतं. गेटवर, म्हणजे भिंगामागच्या ज्या खिडकीतून फिल्म जाते तिथे, बोटाचा दाब दिला की ते जरा स्थिरावतं. जुन्या कोणत्याही ऑपरेटरला ही युक्ती ठाऊक असते. बाकीच्यांनी हा किस्सा ऐकून हसून सोडून दिला असता. पेन्या अडखळला तो ‘दोन तासांहून अधिक’ या शब्दांपाशी. जगात उरलेली कुठलीच प्रत तितका वेळ चालत नव्हती. ऑपरेटरच्या दुखऱ्या बोटाने सिनेमाची लांबी मोजली होती.

पेन्याला ते डबे पाहायला मिळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. २००८ मध्ये पाउला फेलिक्स-दिदिएर त्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा दोघांनी मिळून ती रिळं काढली आणि लावून पाहिली. हेलचा पुतळा. पाळतीवरचा तो काळ्या कपड्यातला माणूस. मोटारीतून जाणारा ११८११. पाण्यातून मुलांना वाचवण्याचा पुरा प्रसंग. फेलिक्स-दिदिएर त्याची नक्कल घेऊन जर्मनीला गेल्या, तिथल्या जाणत्यांनी पाहिली आणि जुलैमध्ये बातमी जगभर झाली.

आता पावसाकडे येऊ. ब्युनोस आयरेसमध्ये सापडलेली फिल्म मूळ ३५ मिलिमीटरची नव्हती. मूळ प्रतीवरून काढलेली १६ मिलिमीटरची नक्कल होती. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती भसकन पेट घेते, आणि जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असल्यामुळे पाण्यानेही नीट विझत नाही. म्हणून अनेक संग्रहांनी नायट्रेटच्या जागी सुरक्षित फिल्मवर नकला काढल्या आणि मूळ रिळं नष्ट केली. इथेही तेच झालं. १६ मिलिमीटरची चौकट ३५ मिलिमीटरच्या मूकपटी चौकटीच्या साधारण एकषष्ठांश क्षेत्रफळाची. म्हणजे बारकावे तिथेच गळाले. शिवाय नक्कल काढताना बोलपटांसाठी बनवलेलं यंत्र वापरलं. बोलपटात चित्राच्या डाव्या बाजूची पट्टी आवाजासाठी राखलेली असते. मूकपटात ती जागाही चित्राचीच. त्यामुळे डावीकडचा आणि वरचा भाग कायमचा छाटला गेला. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर दिसलेली काळी पट्टी ती हीच.

मग रेघा का पुसता आल्या नाहीत? फिल्मवर ओरखडा असेल तर त्यावर सोपा उपाय आहे: नक्कल काढताना ती एका द्रवातून जाऊ द्यायची. द्रव ओरखड्यात भरतो, तो प्रकाशाला फिल्मइतकाच वाकवतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. ओल्या काचेवरचा चरा दिसत नाही, तसंच. पण इथे ओरखडे मूळ नायट्रेट प्रतीवर होते, तेलाच्या डागांसकट. आणि नक्कल काढताना त्यांचा फोटोच १६ मिलिमीटरवर आला. चरा भरता येतो, चऱ्याचा फोटो भरता येत नाही. राहिला संगणक. तो शेजारशेजारच्या चौकटी ताडून पाहतो: एका चौकटीत ठिपका आहे, आधीच्या आणि पुढच्या चौकटीत नाही, तर तो धूळ, काढून टाक. उभी रेघ मात्र कित्येक चौकटी एकाच जागी उभी असते. संगणकाला वाटतं, हा दिव्याचा खांब असेल. रेघ काढायला सांगावं तर तो खरोखरचा खांबही काढतो, चेहऱ्यावरची सुरकुती काढतो, अंगरख्याची शिवण काढतो.

मुर्नाऊ प्रतिष्ठानाच्या मंडळींनी पुष्कळ रेघा कमी केल्या, चित्राचा थरथराट बराच आवरला आणि मग एका टप्प्यावर हात आखडता घेतला. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पाऊस तसाच ठेवला, काळी पट्टी तशीच ठेवली. चित्र ताणून पट्टी झाकली नाही. जिथून चित्र आक्रसतं तिथून अर्जेंटिना सुरू होतो, हे प्रत्येक प्रेक्षकाला न सांगता कळतं. आज यंत्राकरवी हरवलेला कोपरा रंगवून घेणं, न टिपलेला चेहरा स्वच्छ करून घेणं सहज शक्य आहे आणि तसं करायला पुष्कळ जण उतावीळ आहेत. पण मग जे दिसेल ते कोणी टिपलेलं नसेल. जुन्या देवळाची पडझड सावरताना पडलेल्या शिल्पाच्या जागी कोरा दगड बसवतात आणि तो कोरा आहे हे दिसू देतात, त्यातला विचार आणि हा विचार एकच आहे.

हे सगळं लहान पडद्यावर कळतच नाही, आणि म्हणूनच भव्य पडद्याचा आग्रह. थोडं गणित करू. मोबाइल आडवा धरून हातभर अंतरावर पाहिला तर ‘मेट्रोपोलिस’चं जुन्या वळणाचं, चौकोनी चित्र डोळ्यासमोर सुमारे १३ अंशांची जागा व्यापतं. १६ मीटर रुंदीच्या चित्रासमोर १६ मीटरवर बसलात तर तेच चित्र ५३ अंश व्यापतं. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारकावे वेगळे ओळखतो. म्हणजे मोबाइलवर तुम्ही आडव्या रेषेत जेमतेम आठशे ठिपके वेचू शकता, मोठ्या पडद्यावर तीन हजारांच्या वर. फिल्मवर जे टिपलेलं आहे त्यातलं बहुतेक आपण मोबाइलवर पाहिलेलंच नसतं. तिथे १६ मिलिमीटरचे तुकडे आणि स्वच्छ तुकडे यांत फारसा फरकही वाटत नाही. मोठ्या पडद्यावर तो तोंडावर आदळतो. स्वच्छ भागात गर्दीतल्या एकेका कामगाराची पाठ वेगळी दिसते, पावसाच्या भागात तीच गर्दी राखेसारखी होते. काय उरलं आणि काय गेलं, हे डोळ्यांना एकाच बैठकीत कळतं.

लांगने सिनेमा रचला होता तो या आकारासाठीच. कामगारांची पाळी बदलते तो प्रसंग पाहा: एक रांग आत जाते, एक बाहेर येते, माना खाली, आणि आत जाणाऱ्यांची चाल बाहेर येणाऱ्यांपेक्षा वेगळी. लहान पडद्यावर ते नुसतं दाट काळं हलणं असतं. श्रीमंत मुलांच्या क्रीडांगणाच्या आकाशाला भिडणाऱ्या भिंती पाहा. त्या भिंती प्रत्यक्षात लहान प्रतिकृती होत्या. ऑइगेन श्युफ्टान या तंत्रज्ञाची युक्ती अशी: कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवायचा. बाजूला ठेवलेली प्रतिकृती आरशात दिसते. मग जिथे खरी माणसं दिसायला हवीत तेवढ्याच जागेचा पारा खरवडून काढायचा. त्या काचेतून दूरवरची माणसं दिसतात. माणसं आणि प्रतिकृती एकाच वेळी, एकाच चौकटीवर. नंतर चिकटवाचिकटव नाही, म्हणून चित्राचा पोतही कुठे बदलत नाही. यंत्रस्त्रीभोवती वरखाली होणारी प्रकाशाची कडी तर तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून, दर खेपेला नवी छटा टिपून केलेली. एका खेपेला चूक झाली तर आधीच्या सगळ्या खेपा वाया. शहरातल्या मोटारींच्या रांगा हाताने इंच इंच सरकवत, एकेक चौकट टिपत चालवलेल्या. आणि यंत्रस्त्रीच्या त्या कवचाआड ब्रिगिटे हेल्म नावाची कोवळी मुलगी श्वास आवरून उभी होती. पाण्याच्या प्रसंगात बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुलं दिवसेंदिवस गार पाण्यात भिजत होती. मोठ्या पडद्यावर त्या मुलांचे ओठ दिसतात. सिनेमाची भव्यता कोणाच्या अंगावर उभी होती हेही मग दिसतं, आणि ते पाहायला हवं.

आणखी एक गोष्ट फक्त मोठ्या पडद्यावर ध्यानात येते: कण. फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनतं आणि ते प्रत्येक चौकटीत वेगळे विखुरलेले असतात. म्हणून स्थिर भिंतसुद्धा किंचित सळसळते, जिवंत वाटते. ज्यांना ‘क्रिस्टल क्लिअर’चा सोस असतो ते हे कण धूळ समजून पुसून टाकतात. मग चेहरे मेणाचे होतात. लहान पडद्यावर असे चेहरे खपून जातात, मोठ्यावर ते पुतळ्यासारखे दिसतात.

‘मेट्रोपोलिस’चं हे सुदैव पाहताना आपल्या घरचं आठवल्याशिवाय राहत नाही. लांगने कॅमेरा चालू केला त्याच १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ केला. त्यात तरुण शांतारामबापूंनी सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याचं काम केलं. त्या मूकपटाची एक चौकटही आज पाहता येत नाही. १९३६ साली पेंटरांनीच केलेला त्याचा बोलपट आहे, पण तो दुसरा सिनेमा. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे तेवढे उरले. भारतात बनलेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी तीसेक आज कमीअधिक प्रमाणात हाताशी आहेत. पी. के. नायर यांनी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारलं, नाशिकला फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन रिळं गोळा केली, म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आपल्याला दिसतो. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या कोठारांना आग लागली आणि प्रभातच्या कित्येक बोलपटांची मूळ रिळं त्यात गेली.

म्हणून मला साम्मारितानोच्या बोटाची गोष्ट इतकी जवळची वाटते. आपल्याकडेही एखाद्या बंद पडलेल्या चित्रगृहाच्या माळ्यावर, एखाद्या वितरकाच्या नातवाच्या घरी, आफ्रिकेतल्या किंवा आखाती देशातल्या एखाद्या जुन्या गोदामात डबे पडलेले असू शकतात. भारतीय सिनेमे तिकडे कित्येक दशकं जात होते. एखादा निवृत्त ऑपरेटर सांगत असेल की अमुक सिनेमाला चार रिळं जास्त होती. ते ऐकणारा, हसण्यावारी न नेणारा माणूस हवा.

२०१० ची प्रतही पुरी नाही. काही मिनिटं अजून हरवलेली आहेत. २००५ साली न्यूझीलंडच्या संग्रहात मिळालेल्या प्रतीतून काही क्षण आले, ते या प्रतीत घातले, तरी दोन प्रसंग कुठेच नाहीत. एक, कॅथेड्रलमध्ये एक साधू जगाच्या अंताविषयी प्रवचन देतो तो. दुसरा, रोटवांगच्या घरी फ्रेडरसन त्याच्यावर तुटून पडतो आणि त्या झटापटीत कैदेतली मारिया निसटते तो. त्या जागी पडद्यावर काळोख होतो आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-तीन वाक्यं येतात: इथे असं असं घडतं. प्रेक्षक ती वाचतात. वाद्यवृंद थांबलेला नसतो. हुपर्ट्झने त्या झटापटीसाठी लिहिलेलं संगीत वाजत असतं आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसून सगळं थिएटर ते ऐकत असतं.